जामीनदार

माझ्या पँटचा नंबर लग्नात ३४ होता, आजही ३४च आहे. ही गोष्ट मी गेली अठरा वर्षं चारचौघांत मोठ्या अभिमानाने सांगत आलो. लग्नात पँट पोटावर बसायची, आता ती पोटाखाली बसते, एवढा तपशील तेवढा मी गाळत असे. आकडा खोटा न सांगता कसा मांडावा, हे बँकेतल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

हे बिंग आमच्या शाखेतल्या आरोग्य तपासणीत फुटलं. डॉक्टरीणबाईंनी टेप पट्ट्याच्या जागी लावलाच नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध लावला. मी पोट आत ओढलं. "श्वास सोडा," त्या म्हणाल्या. सोडला. त्याबरोबर ९९ सेंटिमीटर बाहेर आले! भारतीय पुरुषांना मर्यादा ९०ची, बायकांना ८०ची. म्हणजे माझा ९ सेंटिमीटरचा ओव्हरड्राफ्ट, तोही विनामंजुरी.

"पण माझं वजन काही फार नाही हो," मी म्हटलं.

"प्रश्न वजनाचा नाही, जागेचा आहे."

मग त्यांनी समजावलं. कातडीखालची चरबी त्यातल्या त्यात गरीब. आतड्यांभोवती ठाण मांडते ती खरी कारस्थानी. तिच्यातून सुटलेली स्निग्धाम्लं थेट यकृतात जातात आणि शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. मग मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार ही मंडळी एकमेकांचा हात धरून येतात.

घरी आल्यावर मी तत्त्वज्ञानाचा आश्रय घेतला. अडचणीत सापडलेल्या माणसाला तेवढंच फुकट मिळतं. मी हिला म्हटलं, "पोट माझं, खाल्लं मी, भोगणारही मीच. यात दुसऱ्याचं काय जातं?"

ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, मागच्या वर्षी तुमच्या मित्राला अ‍ॅटॅक आला, तेव्हा ते आत पलंगावर होते. बाहेर बाकड्यावर तीन रात्री कोण बसलं होतं?"

मी गप्प झालो. माझ्या काउंटरवर असे चेहरे नेहमी येतात. "साहेब, मी एक रुपया घेतला नाही, नुसती सही केली होती." आणि मी कोरडेपणाने सांगतो, "सही केलीत ना? मग भरा." आमच्या लग्नाच्या दाखल्यावर हिचीही सही आहे. बासुंदी मी खाल्ली, जामीनदार ही!

पण हार मानेन तर मी कारकून कसला? चार दिवसांनी एक जबरदस्त पुरावा हाती लागला. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो छापून आला होता. त्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२! आपली बाळं जन्मतः वजनाने हलकी, पण चरबी मात्र राखून असतात, हेही पुण्याच्याच अभ्यासातून दिसलं आहे. याचा संबंध आईच्या पोषणाशी लागतो.

"बघ!" मी विजयाने म्हटलं. "हे कर्ज मी काढलेलंच नाही. वडिलोपार्जित आहे!"

"मग वारसांना तुम्ही बँकेत काय सांगता?"

काय सांगणार? वारसावर देणं येतं ते वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. नियम फार दयाळू आहे. पण मला वारशात मिळालेली मालमत्ता म्हणजे हा देहच की! तो मी रोज वापरतोय. तेव्हा कळलं की दोष आणि देणं ही दोन वेगळी खाती आहेत. दोष कदाचित माझा नसेल, उपाशी राहिलेल्या कुठल्या पणजीचाही नसेल. देणं मात्र माझं. मी बुडवलं तर ते बाकड्यावर बसणाऱ्याचं.

असो. हल्ली मी दोन स्टॉप आधी उतरून चालतो. दर रविवारी जामीनदार स्वतः शिवणाचा टेप घेऊन समोर उभी राहते. "श्वास सोडा," म्हणते.

गेल्या रविवारी ९७ भरले. ती काही बोलली नाही. जेवताना तिने आपणहून माझ्या पानात पुरणाची पोळी वाढली, वर तूप घातलं. मग काय वाटलं कोण जाणे, अर्धी मोडून स्वतःच्या पानात घेतली.