आधी ते डब्यातून बाहेर काढ

ते विमान आधी कचऱ्याच्या डब्यातून बाहेर काढ. पंख मोडला म्हणून नाही फेकलंस तू. चार पोरं हसली म्हणून फेकलंस.

काय म्हणालास, बाल्साच खराब? लाकडाला बोल लावू नकोस. पहिल्यांदा सोडलंस तेव्हा त्यानं नाक वर केलं, थबकलं आणि कोसळलं. म्हणजे शेपूट जड. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर यायला हवा, दोन बोटांवर पेलून बघायचं, हे फळ्यावर काढून दाखवलं होतं. तू काय केलंस? नाकाला क्ले लावलास, त्याच दमात शेपटीचा कोन बदललास, वर प्रोपेलर फिरवणाऱ्या रबराला जादा पीळ दिलास. तीन बदल एकदम! आता कुठल्यानं काय झालं, कसं कळणार तुला?

आणि डावीकडे गिरकी का घेतली? एक डोळा मिटून मागून बघ. डाव्या पंखाची मागची कड वर वळली आहे. डोपचं रोगण सुकताना पंखावरचा टिश्यू कागद आकसतो, म्हणून पंख फळीवर टाचण्यांनी दाबून ठेवायला सांगितला होता. तुला धीर नव्हता. आता मोडका भाग जोड, मग वाफेवर धरून पंखाचा पीळ काढ.

राइट बंधूंच्या गोष्टी तोंडपाठ आहेत ना तुला? १९०१ च्या ग्लायडरला हिशोबापेक्षा फारच कमी उचल मिळाली, तेव्हा त्यांनी वाऱ्याचा बोगदा बांधला आणि छोटे छोटे पंख एकेक करून तपासले. १४ डिसेंबर १९०३ ला विल्बरनं नाक जास्त वर उचललं, विमान वाळूत आपटलं. डागडुजी करून तेच विमान तीन दिवसांनी १२ सेकंद उडालं. हे तू फक्त पाठ केलंस.

पंखाच्या बरगड्या तुझ्याइतक्या एकसारख्या वर्गात कुणी कापल्या नाहीत. म्हणून तर जीव तुटतो माझा.

रबर काढून माझ्याकडे दे. गवतावर, खांद्याच्या उंचीवरून, नुसतं हातानं सोड. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहायचा. सरळ तरंगायला लागलं की वही घेऊन ये, मग रबराच्या पिळाचं बोलू. वही कोरी असेल तर रबर मिळणार नाही.