साक्षीदाराचं ऐकणार कोण?

रत्नागिरी स्टेशन सोडून गाडी निवसरच्या दिशेने निघाली की थोड्याच वेळात पानवलच्या पुलावर येते. खालच्या दरीपासून रूळ ६४ मीटर उंच. वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र या पुलावर बसवलेलं आहे. पण पावसाळ्यात कोकण रेल्वेचा खरा भरवसा असतो तो रुळांवरून चालणाऱ्या गस्तवाल्यावर. अंगावर रेनकोट, हातात दिवा आणि सोबत डिटोनेटर. रेल्वेतली माणसं त्यांना फटाकेच म्हणतात. दरड उतरलेली दिसली तर हा माणूस साहेबांची परवानगी मागत बसत नाही. दरडीपासून ठरलेल्या अंतरावर जाऊन तो रुळाला फटाके बांधतो. त्यावरून इंजिनाचं चाक गेलं की धडाम आवाज होतो आणि चालकाला गाडी थांबवावीच लागते. पाहणारा आणि थांबणारा यांच्यामध्ये तिसरं कोणी नाही.

तत्त्वज्ञानातला एक फार जुना वाद या फटाक्यांपाशी येऊन ठेपतो. पाहणाऱ्याने नुसतं पाहावं, की पाहिल्यावर काही करावं?

संगणकाच्या जगात हा वाद रोज रात्री, कोणाच्या लक्षातही न येता, चालू असतो. बँक, रुग्णालय किंवा रेल्वेचं आरक्षण बंद पडून चालत नाही, म्हणून तिथे एका सर्व्हरऐवजी दोन-चार सर्व्हर एकत्र बांधतात. त्याला क्लस्टर म्हणतात. एक कोसळला तर दुसऱ्याने काम उचलायचं. पण पहिला कोसळलाय हे सांगणार कोण? त्यासाठी प्रत्येक डिस्कवर, प्रत्येक फाइल सिस्टिमवर, प्रत्येक आयपी पत्त्यावर एकेक छोटा प्रोग्रॅम पहाऱ्याला बसवलेला असतो. त्याचं नाव एजंट. व्हेरिटास क्लस्टर सर्व्हर हे या क्षेत्रातलं जुनं, मुरलेलं सॉफ्टवेअर. त्याच्या घडणीत पुण्याच्या अभियंत्यांचाही हात आहे. त्यातला एजंट चालू असलेल्या डिस्कची विचारपूस दर ६० सेकंदांनी करतो आणि बंद असलेल्या डिस्कची दर ३०० सेकंदांनी. हे मूळचे आकडे; बसवणारा ते बदलू शकतो.

या एजंटाची रचना पाहून सांख्यवाद्यांनी मान डोलावली असती. त्याच्यात चार कामं वेगवेगळी ठेवलेली असतात: चालू करणं, बंद करणं, पाहणं आणि बिघाडानंतरची साफसफाई. पाहण्याच्या कामात काहीही बदलायचं नाही, अशी त्या कामाची शिस्त. डिस्क बंद दिसली तर ‘बंद आहे’ एवढंच सांगायचं, जाता जाता चालू करून यायचं नाही. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतला पुरुष असाच आहे: द्रष्टा, मध्यस्थ, अकर्ता. करणं-सवरणं सगळं प्रकृतीकडे. दोघांचं जमतं कसं, तर पांगळ्याने आंधळ्याच्या खांद्यावर बसावं तसं. डोळे एकाचे, पाय दुसऱ्याचे. क्लस्टरमध्ये एजंटाचे डोळे आणि इंजिनाचे, म्हणजे एजंटांचं ऐकून पुढचं ठरवणाऱ्या मुख्य प्रोग्रॅमचे, पाय.

मात्र संस्कृतात ‘साक्षी’ या शब्दाला दोन घरं आहेत आणि त्यांचा एकमेकांशी फारसा घरोबा नाही. पाणिनीने त्याचा अर्थ नोंदवला तो साक्षात पाहणारा असा. वेदान्ताने हा पाहणारा उचलला आणि त्याला कशाचंच सोयरसुतक नसलेला करून टाकला. मुंडक उपनिषदातल्या झाडावर दोन पक्षी आहेत, त्यांतला एक फळ खातो आणि दुसरा नुसता बघतो. धर्मशास्त्राने तोच पाहणारा धरून आणून न्यायसभेत उभा केला. तिथे गप्प राहण्याची सोय नाही. याज्ञवल्क्य स्मृती तर सांगते की माहीत असूनही जो साक्ष देत नाही त्याचं पाप आणि त्याचा दंड खोट्या साक्षीदाराइतकाच.

या दुसऱ्या घराची मोजदाद करणारा माणूस रत्नागिरी जिल्ह्यातलाच. पांडुरंग वामन काणे यांचा जन्म १८८० चा. शाळा दापोलीची. त्यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चा पहिला खंड १९३० साली आला आणि शेवटचा १९६२ साली, पुढच्याच वर्षी भारतरत्न. १९४६ च्या तिसऱ्या खंडात राजधर्म आणि न्यायव्यवहार येतात. साक्षीदार किती असावेत, कोणाची साक्ष चालते, कोणाची चालत नाही, साक्षींमध्ये फूट पडली तर काय करायचं, याचा स्मृतिकारांनी केलेला काथ्याकूट त्यात मांडलेला आहे. क्लस्टर बसवणाऱ्याने तो चाळला तर त्याला पुष्कळ गोष्टी ओळखीच्या वाटतील.

उदाहरणार्थ, साक्षीदाराला खात्री किती आहे हा प्रश्न. स्क्रिप्टने लिहिलेला एजंट पाहून परत येतो तेव्हा इंजिनाला एक आकडा देतो. १०० म्हणजे बंद. ११० म्हणजे चालू, आणि पूर्ण खात्रीने. पण या दोहोंमध्ये १०१ पासून १०९ पर्यंत आकडे आहेत: १०१ म्हणजे चालू आहे असं वाटतं पण खात्री दहा टक्के, १०२ म्हणजे वीस टक्के, असं चढत जायचं. आणि ९९ म्हणजे ‘सांगता येत नाही’. हे उत्तर आलं की इंजिन त्यावरून काहीच करत नाही. कोर्टात वकिलाने कितीही टोकरलं तरी ‘मला दिसलं नाही, साहेब’ एवढंच म्हणणारा साक्षीदार क्वचित भेटतो. इथे मात्र त्या प्रामाणिकपणासाठी एक आकडा राखून ठेवलेला आहे.

मग प्रश्न येतो की एजंटाने पाहिलं म्हणजे नेमकं काय पाहिलं? सर्व्हर आभासी असेल, म्हणजे व्हर्च्युअल मशीन असेल, तर त्याची डिस्कही आभासी: मुळात दूरच्या स्टोरेजवरची एक फाइल. आतल्या व्हर्च्युअल मशीनला ती खरीखुरी डिस्क वाटते. (दोरी आणि सापाचा दृष्टांत इथे चपखल बसला असता, पण तो आता फार झिजलाय.) आळशी एजंट यादी उघडतो, डिस्कचं नाव दिसलं की ‘आहे’ म्हणून परततो. नैयायिकांच्या भाषेत हे शब्दप्रमाण झालं, दुसऱ्याच्या सांगण्यावरचं ज्ञान. स्टोरेजकडे जाणारी वाट तुटली तरी ते नाव यादीत काही काळ जिवंत राहू शकतं. एखादी फाइल वाचून पाहावी तर मेमरीत आधीच साठवलेली प्रत समोर येते, आणि मेलेली डिस्क हसून उत्तर देते. म्हणून व्हॉल्यूमवर लक्ष ठेवणारा व्हेरिटासचा एजंट थेट डिस्कच्या कच्च्या बाजूने थोडा मजकूर वाचून बघतो. ते प्रत्यक्ष. अभियंते ‘डीप मॉनिटरिंग’ म्हणतात त्याचा सगळा अर्थ एवढाच की ऐकीव साक्ष चालणार नाही.

प्रत्यक्ष पाहण्यातही एक धोका आहे. डिस्क लटकली, म्हणजे धड हो नाही आणि धड नाही नाही, तर वाचायला गेलेला एजंट तिथेच अडकून बसतो. अशा वेळी ६० सेकंद वाट पाहून ती फेरी सोडून देतात. सलग चार फेऱ्या अशा गेल्या की डिस्कमध्ये बिघाड आहे असं धरलं जातं. चार वेळच्या मौनाची मिळून एक साक्ष. याज्ञवल्क्याचा नियम इथे निराळ्या वाटेने आला आहे.

आता एजंटच झोपला तर?

हा प्रश्न भारतीय तर्कशास्त्रात दीड हजार वर्षं गाजला. घट दिसला हे ज्ञान झालं, पण ज्ञान झालं हे कशाने कळलं? नैयायिक म्हणतात, त्यामागून येणाऱ्या दुसऱ्या ज्ञानाने. त्याला त्यांनी अनुव्यवसाय हे नाव दिलं. दिङ्नागाच्या परंपरेतले बौद्ध म्हणतात, मग त्या दुसऱ्यासाठी तिसरं हवं, तिसऱ्यासाठी चौथं, ही अनवस्था थांबणार कुठे? ज्ञान स्वतःच स्वतःला जाणतं असं माना. अद्वैती दिव्याकडे बोट दाखवतात: दिवा पाहायला दुसरा दिवा लागत नाही.

क्लस्टर लिहिणाऱ्यांनी नैयायिकांची वाट धरली आणि ती चार पावलांवर थांबवली. एजंटावर इंजिनाची नजर. इंजिनावर हॅशॅडो नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमची. इंजिन मेलं तर तो त्याला पुन्हा उभं करतो. त्याखाली ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात आणखी एक थर असतो. इंजिनाची हालचाल ठरलेल्या वेळात दिसली नाही तर तो इंजिनाला मारतो आणि ते वारंवार घडलं तर अख्खं यंत्रच पाडतो. आणि यंत्रावर शेजारच्या यंत्राची नजर. स्वयंप्रकाशी दिवा इथे कोणालाच मानवला नाही. ‘मी ठीक आहे’ असं ज्याने स्वतःच सांगायचं, त्या सांगण्याला क्लस्टरमध्ये किंमत नाही.

हे किती गंभीर आहे ते दोन सर्व्हरांमधली केबल तुटल्यावर कळतं. दोघंही जिवंत, दोघांनाही वाटतं समोरचा मेला, आणि दोघंही एकाच डिस्कवर लिहायला धावतात. माहितीचा चुराडा होतो. याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. त्यावरचा उपाय मनुस्मृतीच्या शेजारी ठेवून पाहावा. मनू आणि याज्ञवल्क्य दोघंही किमान तीन साक्षीदार मागतात आणि साक्षींमध्ये दुमत झालं तर बहुतांचं माना म्हणतात. व्हेरिटासमध्ये किमान तीन छोट्या डिस्क वेगळ्या राखतात. संख्या विषमच हवी. त्यांच्यावर कोणाचीही माहिती ठेवत नाहीत. त्या फक्त निवाड्यासाठी. केबल तुटली की दोन्ही सर्व्हर त्यांच्याकडे धावतात. बहुसंख्य डिस्क ज्याच्या हाती लागतील तो जगतो आणि हरलेला स्वतःला तिथल्या तिथे पाडून घेतो. मायक्रोसॉफ्टच्या क्लस्टरमध्ये तर अशा डिस्कचं अधिकृत नावच ‘विटनेस’ आहे. साक्षीदार.

साक्षीच्या पहिल्या घराचा, नुसतं बघण्याचा, पत्ताही याच जिल्ह्यात सापडतो. रत्नागिरीहून दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर पावस आहे. तिथे स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) आयुष्याची शेवटची चाळीसेक वर्षं राहिले. नाथ परंपरेतली सोऽहं साधना त्यांनी दिली. श्वास आत जातो, बाहेर येतो, त्याकडे बघायचं. तो अडवायचा नाही, ओढायचा नाही. परंपरेने दिवसाचे श्वास २१,६०० मोजले आहेत. योगायोग असा की व्हेरिटासच्या मूळ मांडणीत सर्व्हर एकमेकांना अर्ध्या सेकंदाला एक ठोका पाठवतात, म्हणजे दिवसाला १,७२,८०० ठोके. एका श्वासाला बरोबर आठ. यातून काहीही सिद्ध होत नाही, पण हिशेब सुटल्यावर गंमत वाटते. फरक मात्र मोठा आहे. पावसच्या साधकाचा श्वास बघता बघता मंदावला तर ती प्रगती. सर्व्हरचे ठोके १६ सेकंद आले नाहीत तर तो मेला असं धरलं जातं.

स्वरूपानंदांनी तरुणपणी स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवासही भोगला होता, हे साक्षीभावाची थट्टा करणाऱ्यांनी लक्षात ठेवलेलं बरं. आणि रत्नागिरीतच टिळक आळीत १८५६ साली जन्मलेल्या माणसाने मंडालेच्या कैदेत बसून पाहावं की करावं या प्रश्नाला सगळ्यात सडेतोड उत्तर लिहिलं. १९१५ साली छापल्या गेलेल्या ‘गीतारहस्या’चं म्हणणं असं की ज्ञान झाल्यावर कर्म सोडायचं नसतं, ज्ञान्याने तर ते अधिक नीट करायचं असतं. (टिळक मंडालेत होते त्याच काळात मंडालेचा पदच्युत राजा थिबा रत्नागिरीत नजरकैदेत होता. इंग्रजांनी कैद्यांची केलेली ही अदलाबदल एखाद्या कादंबरीकाराला सुचली असती तर वाचकांनी ती ओढूनताणून आणलेली म्हटली असती.)

तरीही टिळकांचं उत्तर एजंटाला जसंच्या तसं लावता येत नाही. पाहणाऱ्यानेच घाईने करायला घेतलं तर क्लस्टरमध्ये गोंधळ होतो. नेटवर्क क्षणभर अडखळलं आणि एजंटाने स्वतःच डिस्क उपटून दुसऱ्या मशीनला जोडली, तर चालू काम मध्येच तुटतं. म्हणून पाहणं आणि करणं वेगळं ठेवणारा सांख्यांचा विचार इथे बरोबरच आहे. चुकतं ते दुसरीकडे: पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसलेला तर असतो, पण आंधळा त्याचं ऐकत नाही.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसच्या आसपास माणसं मेली. धरणाला गळती आहे अशा तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. म्हणजे साक्षीदार होते, त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि याज्ञवल्क्याने सांगितल्याप्रमाणे ते गप्पही बसले नव्हते. घटनेनंतर राज्याच्या तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला. धर्मशास्त्रात साक्षीदाराच्या मौनाला दंड आहे. ज्याने साक्ष ऐकून फाइलीत ठेवली त्याच्यासाठी तितका ठसठशीत नियम हवा होता.

पानवलच्या गस्तवाल्याकडे फटाके असतात, ते तिवऱ्याच्या गावकऱ्यांकडे नव्हते. दोघांच्या पाहण्यात काडीचाही फरक नव्हता.

सर्व्हर रूममध्ये हीच गोष्ट फार साध्या रूपात भेटते. एजंट चोख बसवलेला असतो, सेकंदांचे आकडे विचार करून भरलेले असतात, निवाड्याच्या तीन डिस्क तयार असतात. पण कोणीतरी देखभालीसाठी क्लस्टरमधला एकत्र हलणाऱ्या डिस्क, पत्ते आणि प्रोग्रॅमांचा एखादा गट ‘फ्रीझ’ करतो आणि काम झाल्यावर सोडवायला विसरतो. फ्रीझ केलेल्या गटात एजंटाचं पाहणं चालूच राहतं. बिघाड दिसला की तो तसं सांगतोही. फक्त त्या सांगण्यावरून काही घडत नाही. मुंडकातला दुसरा पक्षी चुकून नोकरीला लागावा, तसं.

अशा वेळी उरतो एकच आधार: क्लस्टरकडून जाणारा ईमेल. ज्यांच्या ताब्यात असा एखादा क्लस्टर आहे त्यांनी आज दोन गोष्टी पाहाव्यात. कुठला गट फ्रीझ राहिलाय का, आणि सूचना ज्या पत्त्यावर जातात तो माणूस अजून त्या कचेरीत नोकरीला आहे का.