मागल्या वर्षीची ऊब

काश्मीरचे सफरचंद आपल्या घरी येते ते पेटीतून, गुळगुळीत पुसलेले. त्याचे झाड शोपियान-सोपोरकडच्या घरांना आणखी एक गोष्ट पुरवते, ती आपल्या बाजारात येत नाही. ती म्हणजे विस्तव.

२१ डिसेंबरला तिकडे ‘चिल्लई कलान’ लागतो. चाळीस दिवसांची कडाक्याची थंडी. तिच्यामागून वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’. नळातले पाणी गोठते, वीज कधी असते, कधी नसते. मग भिस्त घरातल्या बुखारीवर, म्हणजे धुराडे लावलेल्या पत्र्याच्या शेगडीवर, आणि फेरनच्या, म्हणजे तिकडच्या घोळदार अंगरख्याच्या, आत पोटाशी धरलेल्या कांगडीवर. बारीक फोकांच्या विणलेल्या टोपलीत मातीचे भांडे, त्यात कोळशाचे निखारे आणि वर राखेची चादर. राख बेताने सारत गेले की निखारा तासन्‌तास पुरतो.

या सगळ्याला जळण लागते आणि त्यातले पुष्कळसे सफरचंदाच्या बागेतून येते. झाड झोपेत असते तेव्हा, कळ्या फुगण्याच्या आत, छाटणी होते. छाटणीशिवाय फळ धड येत नाही, हे नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला कोणी सांगायला नको. बारीक काटक्यांचे ढीग पेटवून, अर्धवट जळताच विझवून त्यांचा कोळसा करतात. जाड फांद्या बुखारीसाठी.

फळझाड जाळायचे म्हटले की आपल्याला चर्र होते. आंब्याला कुऱ्हाड लागताना कळवळणारी माणसे आपल्याकडे घरोघर आहेत. पण इथे झाड मरत नाही. जी फांदी काढल्याने पुढच्या वर्षी फळ सुधारते, तीच घर गरम करते. जळणाचा याहून सरळ व्यवहार मला तरी माहीत नाही.

फक्त त्याला उधारी चालत नाही. सफरचंदाचे लाकूड घट्ट आणि वजनदार, त्याचा निखारा टिकाऊ. पण ताज्या फांदीत पाणी भरपूर असते आणि ते उडवण्यातच बरीचशी आच खर्ची पडते, मागे उरतो धूर. म्हणून जाड लाकूड फोडून, वारा लागेल असे रचून वर्षभर तरी वाळवावे लागते. या हिवाळ्यात शेकणारा माणूस मागल्या वर्षीच्या कष्टांवर शेकत असतो. थंडी पडल्यावर बघू म्हणणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी ठरलेले.

या उबेची किंमतही काश्मीरने मोजली आहे. कांगडी वर्षानुवर्षे अंगाशी धरल्याने पोटाच्या आणि मांडीच्या कातडीला होणाऱ्या कर्करोगाबद्दल डॉ. एल्म्स्ली यांनी १८६६ मध्येच लिहून ठेवले होते. ‘कांगडी कॅन्सर’ हे नाव आजही वैद्यकाच्या पुस्तकांत आहे. शिवाय काटक्या-पाचोळा जाळण्याचा धूर शरद ऋतूत खोऱ्यावर साचतो, तो वेगळाच.

आता बागाच बदलताहेत. जुनी, ऐसपैस झाडे उपटून तारेच्या आधाराने वाढणारी बुटकी, दाटीने लावलेली झाडे येत आहेत. ती दोन-तीन वर्षांत फळ देतात, शेतकऱ्याच्या हाती पैसा लवकर येतो, तेव्हा त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र अशा झाडाची छाटणी म्हणजे मूठभर काड्या. त्यात बुखारी पेटायची नाही.

हिवाळ्यात गुलमर्गचा बर्फ पाहायला जाणाऱ्यांनो, खोलीत कोणी कौतुकाने कांगडी आणून दिली तर हात जरूर शेका. पण झोपण्यापूर्वी ती बाहेर ठेवा, आणि ती खोलीत असेल तोवर खिडकी थोडी उघडी असू द्या. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही.