दुसऱ्याचा नवस

"हात टेकवायचा. मावशींनी तेवढंच तर सांगितलंय," बाबा म्हणाले.

"नातवासाठी प्रार्थना करायलाही सांगितलंय. फोटो ठेवीन. पण विश्वास नसताना प्रार्थना कशी करू?"

इटलीतल्या पादुआचे लोक संत अंतोनीला नुसतं 'इल सांतो', म्हणजे 'संत', म्हणतात. 1231 मध्ये ते गेले, वर्षाच्या आत संतपद मिळालं आणि 1232 मध्ये या बॅसिलिकाचं काम सुरू झालं. समाधीला वळसा घालून रांग पुढे सरकते. प्रत्येक जण मागच्या शिळेवर तळहात ठेवतो, कुणी कपाळही टेकवतो. चिठ्ठ्या आणि पोराबाळांचे फोटो तिथेच राहतात. वसईच्या आमच्या शेजारच्या मावशी दर मंगळवारी याच संतापुढे मेणबत्ती लावतात.

"तू टपालवाली आहेस असं समज."

"टपालवाला पत्राखाली सही करत नाही, बाबा. हात ठेवणं ही सही झाली."

बाबा जरा थांबले. "तुझी आजी अंथरुणाला खिळली होती, तेव्हा पंढरपूरला तिच्या वतीने मी डोकं ठेवलं होतं."

"तुमचा विश्वास होता."

"त्या दिवशी? छातीवर हात ठेवून नाही सांगता येणार. आजीचा होता."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी भिंतीकडे वळले. तिथे तुलियो लोम्बार्दोचं 1525चं संगमरवरी शिल्प आहे: मेलेल्या कंजुषाची छाती उघडलीय, आत काळीज नाही, ते सापडतं त्याच्या पैशांच्या पेटीत. भोवतीच्या माणसांचे चेहरे हादरलेले. माझी नजर हलेना.

"हे बघताना अडखळली नाहीस," बाबा म्हणाले. "हात टेकवणाऱ्यांसाठीच घडवलंय ते. शिल्प हवं, हात नको?"

"बघताना मी कुणाला शब्द देत नाही. प्रार्थना म्हणजे शब्द देणं."

हे मला आजही खरं वाटतं. पण नुसतं बघून निघून जाणं हाही एक प्रकारचा कोरडेपणाच, हेही तिथेच उमगलं. पुढची बाई शिळेला टेकून रडत होती. कुणी तिला घाई केली नाही.

माझी पाळी आली. शिळा गार होती. हात ठेवून मी म्हटलं, "हा वसईचा मुलगा. याच्या आजीने पाठवलंय." मागितलं काही नाही. त्यापुढचं माझ्या तोंडी खोटं झालं असतं.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "झालं की! मावशींना सांग, प्रार्थना केली."

"नाही. जे म्हटलं तेच सांगणार."

"त्यांना वाईट वाटलं तर?"

"तर त्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवतील. त्यांचा नवस आहे, अर्धवट झालेला त्यांना कळायलाच हवा."