देणाऱ्याची गरज

मे १९३५. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात, एका हॉटेलाच्या लॉबीत बिल विल्सन येरझारा घालत होता. दारू सुटून काही महिनेच झाले होते. ज्या व्यवहारासाठी तो न्यूयॉर्कहून आला, तो फिसकटलेला. शेजारच्या बारमधले आवाज कानावर येत होते. त्यानं फोन उचलला आणि तिथल्या चर्चच्या धर्मगुरूंना फोन लावायला सुरुवात केली. मागणं एकच : दारू सुटत नसलेल्या एखाद्या माणसाशी माझी गाठ घालून द्या.

अशी गाठ पडली शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर रात्रीपर्यंत बोलत बसले. १० जून १९३५ या दिवशी त्यांनी शेवटची दारू घेतली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ‘एए’, ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना तोच आपला स्थापनादिन मानते.

मला यात मोलाचं वाटतं ते हे, की विल्सन कुणाचा उद्धार करायला निघाला नव्हता. त्याला स्वतःला त्या संध्याकाळी प्यायचं नव्हतं, आणि त्यासाठी दुसरा व्यसनी माणूस हवा होता. आपल्या मनातल्या मदतीत देणारा वर असतो, घेणारा खाली. इथे दोघेही गरजूच. उपदेश तर व्यसनी माणसानं पोटभर ऐकलेला असतो. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथाही घेतलेल्या असतात. त्या मोडल्याची शरम इतकी साठते, की ती विसरायला तो पुन्हा पितो. ‘मीही तसाच मोडलो होतो’ असं समोरचा म्हणाला, की ती शरम पहिल्यांदा सैल होते. गावोगाव माळ घालून दारू सोडलेली माणसं आहेत. माळेमागची श्रद्धा मोठीच, पण दिंडीत सोबत चालणाऱ्यांचाही त्यात वाटा असणार, असं मला वाटतं.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पाठीशी उभे राहिले. तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढे समुपदेशक झाली. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट निघाला, कारण वर्षानुवर्षं घरातलं झाकत आलेल्या बाईलाही बोलायला माणूस लागतं.

उपचार संपवून माणूस घरी येतो, तेव्हा खरी परीक्षा सुरू होते. हळदीत, वरातीत जुने मित्र ‘एकच घे’ म्हणतात. घरचे तोंडाचा वास घेतात. त्यांचा संशय अकारण नसतो, पण माणूस एकटा पडतो. मग एखाद्या दिवशी ‘स्लिप’ होते, म्हणजे तो पुन्हा पितो. तेव्हा ‘वाटलंच होतं’ म्हणणं क्रूर आहे. घसरलेल्याला त्याच दिवशी गटाकडे परत न्यायला हवं.

एएच्या मीटिंगला फी नसते, आडनाव सांगावं लागत नाही. संध्याकाळ मात्र मोकळी लागते. कारखान्यात त्या दिवसापुरती पाळी बदलून देणं, अशा माणसाची बायको तिच्या गटाला गेली की तिची मुलं तासभर सांभाळणं, एवढं तर ज्यांनी कधी थेंबही घेतला नाही त्यांनाही करता येईल.