सोनघंटा व भिंतीवरचें शेवाळ

(१ राजे ४:३३)

शलमोन राजा लबानोनाच्या गंधसरूविषयीं बोलला, तसा भिंतींतून निघणाऱ्या एजोबाविषयींही बोलला, असें शास्त्र सांगतें. गंधसरूविषयीं कोणीही बोलेल. राजाचें शहाणपण आम्हांस एजोबापाशीं अधिक दिसतें.

आपल्या सह्याद्रींत सोनघंटा नांवाचें झुडूप आहे. तें भेंडी-कापसाच्या कुळांतलें. फुलें घंटेसारखीं लोंबतीं, सोनेरी, जांभळट शिरांचीं. 1894 सालीं वुड्रो व स्टाफ ह्या शास्त्रज्ञांनीं त्यास रानडे ह्यांच्या नांवावरून शास्त्रीय नांव दिलें. आज तें घाटांतल्या थोड्याच जागीं उरलें आहे.

इंग्लंडांतील यॉर्कशायर प्रांतीं चुनखडीच्या दगडांचीं, चुना न घालतां रचलेलीं कुंपणें आहेत. त्यांपैकीं कांहीं थोड्यांवर एक दुर्मिळ शेवाळ वाढतें. (शेवाळ म्हणजे तळ्यावरचें नव्हे; पावसाळ्यांत भिंतीवर मखमलीसारखें जमतें त्या जातीचें.) 1867 सालीं निवर्तलेला जॉन नॉवेल, एक गरीब विणकर, ह्याचें नांव इंग्रज लोक त्यास देतात. त्याला फूल नाहीं, बीं नाहीं, खरीं मुळें नाहींत. तें पानांनींच पाणी पितें. उन्हांत सुकून जातें, सर पडली कीं पुन्हा हिरवें होतें.

दोहोंसही भय आहे, पण सारखें नव्हे. सोनघंटेचें फूल पाहून मनुष्यास दया येते. तो बीं पेरील, रोप लावील. शेवाळाचें शेत म्हणजे ती जुनी भिंतच. भिंत कोसळली, किंवा कोणीं चांगल्या हेतूनेंच ती पाडून नवी बांधली, तर काय गेलें हें बांधणारासही कळत नाहीं.

मंडळींतही असें घडतें. गोड गळ्याचा तरुण दोन रविवार आला नाहीं, तर आपण त्याच्या घरीं जातों. पण वाड्यावरच्या एका अंगणांत बुधवारीं चार म्हाताऱ्या प्रार्थनेस बसतात. त्यांस वाचतां येत नाहीं, वर्गणीच्या वहींत त्यांचें नांव क्वचितच असतें. सोयीसाठीं ती सभा बंद करून सर्वांस मंदिरांत बोलाविलें, तर ज्यांस चालवत नाहीं त्या येणार कशा? आणि येत नाहींत म्हणून त्यांचा विश्वास थंडावला, असें लिहिणें तर फारच सोपें.

ज्या उपदेशक बंधूंच्या गांवीं अशी सभा बंद करण्याचें चाललें असेल, त्यांनीं आधीं एक बुधवार त्या अंगणांत जाऊन बसावें, व कोण कोण येतें तीं नांवें लिहून घ्यावीं.