त्याला उठवायचं कोणी?

आमच्या झरीच्या कबड्डी संघात मी इतकी वर्षं एकाच मुलाकडे बघत आलो, हे आधी कबूल करतो. सरावाला पंधरा पोरं यायची, पण माझं लक्ष त्याच्या पायांवर. तो आमचा हुकमी रेडर. त्याच्यासाठी मी पदरचे पैसे घालून बूट आणले, त्याला सरावाला उशीर झाला तर बोललो नाही, त्याच्या चढाईचा फोटो माझ्या स्टेटसला लावला. फोटो लावताना माझ्या मनात नेमकं कोण होतं, तो की मी? ‘या पोराला सरांनी घडवलं’ असं लोकांनी म्हणावं, ही भूक होती. तिला मी प्रेम म्हणत होतो.

आणि डावा कॉर्नर, टोकाला उभा राहून पकडी करणारा? तो उंबरगावच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. रात्रपाळी करून, दोन तास झोपून मैदानावर यायचा. त्याला उशीर झाला की मात्र मी सगळ्यांसमोर ओरडायचो. दोघांचा उशीर सारखाच होता, मग माझा आवाज दोन तऱ्हांचा का?

मागच्या वर्षी शेजारच्या गावात दिव्यांच्या उजेडात अंतिम सामना होता. आठ मिनिटं उरलेली, आम्ही चार गुणांनी पुढे. आमचे दोन गडी आधीच बाहेर होते. त्यात रेडरची पकड झाली आणि तोही बाहेर जाऊन बसला. कबड्डीत बाद झालेला गडी आपल्या बळावर आत येत नाही. आतल्या कोणाला तरी समोरचा गडी बाद करावा लागतो, तेव्हा बाहेरचा एक उठतो. बोनस गुणावर कोणी उठत नाही. आणि उठायचं तेही क्रमाने, जो आधी बाद झाला तो आधी. म्हणजे आमचा हुकमी रेडर आत यायला पोरांनी तीन गडी बाद करायला हवे होते.

एकही झाला नाही. समोरचा रेडर आला की कॉर्नर घोट्यावर झेपावायचा, पण त्याच्या मागे कव्हर पोचायचा नाही. हातात हात धरून केलेली साखळी ऐन क्षणी सुटायची. एकेक करत सगळे संपले, आमच्यावर लोण चढला. लोण चढला की सगळा संघ परत आत येतो, म्हणूनच आमचा रेडर परत आत आला. तोवर हातचं गेलं होतं. तीन गुणांनी हरलो.

परतताना टेम्पोत मी म्हणालो, “तो बाहेर बसला, तिथेच सामना गेला.” बराच वेळ कोणी बोललं नाही. मग कॉर्नरचा मुलगा खाली बघत म्हणाला, “सर, आम्हालाच त्याला उठवता आलं नाही.”

त्याने दोष स्वतःवर घेतला. मी घेऊ दिला. त्या रात्री मी एवढंही म्हणालो नाही की बाबा, तो बाहेर असताना कसं खेळायचं, हे मी तुम्हाला एकदाही शिकवलेलं नाही. तेव्हा सुचलं नाही, की सुचूनही बोललो नाही? खरं सांगायचं तर सुचलं होतं.

घरी येऊन गुणांची वही काढली. रेडरच्या प्रत्येक चढाईची नोंद होती: किती गुण, कितवी चढाई, कोणत्या बाजूने. पकडींसाठी एकच रकाना, वर नुसतं ‘पकड’ लिहिलेलं, खाली आकडा. कोणी धरला, साखळीत दुसरा हात कोणाचा, काही नाही. वर्षानुवर्षं मी ज्यांचा खेळ लिहिलाच नाही, त्यांचा खेळ सुधारला नाही म्हणून मी चिडत होतो.

मग एक सवयीचा प्रश्न नव्याने छळू लागला. अजिंक्यपद मिळवायला एक असामान्य खेळाडू लागतोच का? आधी मी स्वतःच्या बाजूचे पुरावे शोधले, हेही सांगायला हवं. 2017 च्या प्रो कबड्डीत प्रदीप नरवालने एका हंगामात चढाईचे 369 गुण मिळवले आणि पाटणा पायरेट्सने सलग तिसरं विजेतेपद घेतलं. पुढच्या हंगामात अंतिम सामन्यात बेंगळुरू बुल्सचे 38 गुण झाले, त्यातले 22 एकट्या पवन सेहरावतचे. हे वाचून बरं वाटलं. म्हणजे मी चुकलो नव्हतो?

पण तीच यादी पुढे वाचावी लागते. 2019 च्या अंतिम सामन्यात बंगाल वॉरियर्सचा कर्णधार आणि मुख्य रेडर मनिंदर सिंग दुखापतीमुळे बाहेर होता. समोर दबंग दिल्लीचा नवीन कुमार होता. त्याने एकट्याने 18 गुण आणले आणि तरी बंगाल 39-34 ने जिंकलं. 2024 च्या मार्चमध्ये पुणेरी पलटणने आपलं पहिलं विजेतेपद मिळवलं. त्या हंगामातला सर्वाधिक गुणांचा रेडर त्यांचा नव्हता. पकडींचे सर्वाधिक, 99 गुण घेणारा शादलूई मात्र त्यांचा होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बालेवाडीत उलट बाजूने तेच दिसलं. हंगामात 301 गुण घेणारा देवांक पाटण्याकडे, आणि चषक 32-23 ने हरियाणा स्टीलर्सकडे.

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये हाच वाद क्वार्टरबॅकवरून चालतो, म्हणजे चेंडू कुठे जाणार हे ठरवणाऱ्या खेळाडूवरून. टॉम ब्रेडीने सात विजेतेपदं मिळवली, तेव्हा तो लागतोच असं म्हणणारे खोटे नाहीत. पण 2001 च्या जानेवारीत बाल्टिमोर रेव्हन्स जिंकले ते मुख्यतः बचावाच्या जोरावर. त्यांचा क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फर थोरांत गणला जाणारा नव्हता, आणि जिंकल्यावर संघाने त्याला ठेवलंही नाही. दोन्ही बाजूंना दाखले आहेत. मग मी नेमका एकाच बाजूचे इतकी वर्षं का जपले?

कारण एकाकडे बघणं सोपं असतं. साखळी बघायची तर सहा जणांचे पाय आणि हात एका वेळी बघावे लागतात, त्याला धीर लागतो. माझ्याकडे घाई होती. जिंकलो की नाव द्यायला एक माणूस हवा, हरलो की बोट दाखवायलाही एकच.

ही खोड मैदानापुरती असती तरी चाललं असतं. पण मी ज्या गावात राहतो, तिथे 23 मे 1945 ला पाचेक हजार आदिवासी जमले होते. वेठ करणार नाही, 12 आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाय ठेवणार नाही, असं त्यांनी ठरवलं ते याच झरीत. वर्गात ही गोष्ट सांगताना मी लढ्याच्या नेत्या गोदूताई परुळेकरांचं नाव घेतो आणि पुढे जातो. त्या मोठ्याच होत्या, त्यात शंका नाही. पण त्याच वर्षी जानेवारीत टिटवाळ्याच्या किसान सभेच्या अधिवेशनाला इथल्या वारल्यांना घेऊन गेले ते झरीचे माह्या धांगडा. त्यांचं नाव मी किती वेळा घेतलं? आणि त्या पाच हजारांना पाड्यापाड्यांतून निरोप कोणी पोचवला? पुढे सरकारने परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून तडीपार केलं, तरी वारल्यांचा संप टिकला. गोदूताईंनी स्वतः पुस्तक लिहिलं त्याचं नाव आहे ‘जेव्हा माणूस जागा होतो’. ते नाव पुढारी कसा जिंकतो याबद्दलचं नाही, हे मला एका हरलेल्या सामन्यानंतर लक्षात यावं?

खेळ आणि ते दिवस यांची बरोबरी मी करत नाही. त्या लढ्यात माणसं गोळ्यांनी मेली आहेत. पण माझी नजर दोन्हीकडे तीच आहे, एवढं मला नाकारता येत नाही.

मग उत्तर काय? मला आज एवढंच दिसतं. असामान्य रेडर असेल तर भाग्यच, त्याला कमी लेखून उत्तर मिळणार नाही. आमचा पोरगा नसता तर आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलोच नसतो. पण कितीही मोठा असो, तो कधीतरी बाद होणारच. त्याच्या नावावर जिंकलेले सामने पुन्हा आठवले की कळतं, तो परत परत आत येत होता तो कोणीतरी पकडी करत होतं म्हणून. त्या पकडी मी पाहिल्या, लिहिल्या नाहीत.

आता आठवड्यातून दोन दिवस रेडरला चुन्याच्या रेषेबाहेर बसवतो आणि बाकीच्यांना खेळवतो. पहिल्या दिवशी तो रुसला. मलाही ते बघवेना. कॉर्नरच्या मुलाची माफी मागायला तर बरेच दिवस लागले. मागितली तेव्हा तो गोंधळला, “राहू द्या सर” म्हणाला आणि घोट्याला पट्टी बांधू लागला.

वहीत एक नवा रकाना आखला आहे: ‘कोणी उठवलं’. काल सराव संपल्यावर बघितलं, तर तो अर्धाच भरला होता. उरलेल्या पकडी कोणाच्या होत्या ते आठवेना. रेडरच्या चढाया मात्र सगळ्या आठवत होत्या, न लिहितासुद्धा. मग पोरांना थांबवलं आणि एकेकाला विचारत तो रकाना पुरा केला.